अंबूबाईचे दात पांढरे झाले

धाडच्या बाजारात भर दुपारी पुंजाजीला अंबूबाई दिसली. पंधरा-वीस हातांवर, कांद्यांच्या ढिगापलीकडे ती कुठल्याशा बाईशी बोलत होती, आणि बोलता बोलता खुदकन हसली. तिचे दात पांढरे होते. पुंजाजीच्या हातात तराजू होता, समोर गिऱ्हाईक उकिडवं बसलं होतं, पारडं एका अंगाला कललं होतं, आणि ते तसंच धरून तो बघत राहिला. "वो बाप्पा, जोखून राह्यले का झोपून राह्यले?" असं गिऱ्हाईक बाई दोनदा म्हणाली तेव्हा त्याने मान खाली घातली, पुडी बांधली, आणि पुन्हा वर पाहिलं तोवर कांद्यांपलीकडे नुसती गर्दी होती. पण पाहण्यात चूक व्हायचं काही कारण नव्हतं. वरच्या ओळीत डावीकडे एक दात शेजारच्या दातावर चढलेला. तो दात त्याने अकरा वर्षं पाहिला होता. काळा पाहिला होता, इतकंच. त्याला एकदम वाईट वाटलं, आणि मग, हे सांगायला नको पण सांगितलंच पाहिजे, त्या वाईट वाटण्याच्या तळाशी कुठेतरी त्याला बरं वाटलं.

पुंजाजीचा धंदा दातवणाचा. हिरडा, माजूफळ, लोखंडाचा कीस आणि हिराकस कुटून, वस्त्रगाळ करून केलेली ती काळी पूड लग्न झालेल्या बाईने रोज दातांना लावायची. दात काळे कुळकुळीत होतात, हिरड्या घट्ट राहतात, कीड लागत नाही, असं पुंजाजी सांगे आणि त्याचा बाप सांगे. पण बाया ती घेत ते काही किडीच्या भीतीने नव्हे. काळे दात म्हणजे नवरा जिवंत. तो गेला की कुंकू पुसलं जातं, बांगड्या फुटतात आणि दातवणाची डबी बंद होते, ती कायमची. मग पहिले काही दिवस तोंड तसंच काळं दिसतं, दोन-तीन महिन्यांत रंग उतरत जातो, आणि एके दिवशी बाई बोलायला तोंड उघडते तर आत पांढरं. बुलढाण्यापासून मेहकरापर्यंतच्या बाजारांत कोणाच्या घरी काय झालं हे पुंजाजीला विचारावं लागत नसे. बोलणाऱ्या बाईच्या ओठांमधून त्याला ते दिसत असे. कित्येकदा गावकामगाराच्या वहीत मयत लागण्याआधी ती पुंजाजीला ठाऊक झालेली असे, आणि असं काही दिसलं की तो मुकाट्याने मान खाली घालून दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळे. इतकी रीत त्याला होती.

अंबूबाईचं त्याला काय ठाऊक होतं? तसं काहीच नाही. वडाळीची, माळ्याची, म्हणजे जातीने त्याच्याचसारखी. बाजारात मिरच्या-वांगी घेऊन येते. बरोबरच्या बाया तिला अंबू म्हणतात. महिन्यातून एकदा माल खपला की ती त्याच्या दुकानापुढे येऊन बसे आणि "पुडी द्या" म्हणे. पहिल्याच वर्षी एकदा म्हणाली होती, "मांगच्या पुडीनं हिरड्या चुरचुरल्या बाप्पा." झालं. त्या दिवसापासून पुंजाजी तिच्यापुरतं दातवण वेगळं कुटू लागला. हिराकस निम्मं, कात थोडा जास्त, वर लवंगेची चिमूट. त्याची वेगळी डबी, वेगळं फडकं. हे त्याने तिला कधी सांगितलं नाही. ती पुडी सोडून चिमूटभर पूड हिरडीवर घोळवी, त्याने पुढे केलेल्या आरशात पाही आणि दात दाखवून म्हणे, "बसला का रंग?" तो वाकून बघे आणि म्हणे, "बसला." अकरा वर्षांत एवढंच बोलणं. परक्या बाईच्या कपाळाकडे, हातांकडे, पदराकडे टक लावून बघणं वाईट, ते पुंजाजीने कधी केलं नाही. पण दातांकडे बघणं हा त्याचा धंदा होता, त्याला कोण नावं ठेवणार? म्हणून तो दातांकडे बघे. अंबूबाई म्हणजे त्याच्या लेखी ते दात, तो चढलेला एक दात, आणि "बसला का रंग" म्हणणारा आवाज. आणि त्यावर तो महिनाभर राही.

तीन महिने ती पुडीला आली नव्हती, तेव्हा त्याला वाटलं होतं आजारी असेल, नाहीतर तुरी सोंगायचे दिवस आहेत. आता सगळं जुळलं. संध्याकाळी जब्बार मन्याराच्या दमणीतून बुलढाण्याला परतताना ते त्याच्या जिभेवर आलं. जब्बारचं बांगड्यांचं दुकान धाडच्या बाजारात त्याच्या दुकानाला लागूनच असे, जाणं-येणं एका दमणीतून, आणि बायांच्या मनगटांची जब्बारला जेवढी माहिती तेवढी त्यांच्या नवऱ्यांनाही नसेल. नुसतं विचारायचं, अंबूबाईने बांगड्या कधी भरल्या, की काम झालं. पण जब्बारचं तोंड म्हणजे वाजतं भांडं. एका बाईचं नाव त्याच्या कानावर घालायचं म्हणजे पुढच्या बाजारी चार गावांत डांगोरा. पुंजाजी बराच वेळ बैलाच्या शेपटीकडे बघत राहिला आणि मग अगदी सहज विचारल्यासारखं म्हणाला, "वडाळीचं काही आयकलं काय?"

"काऊन?"

"नाई, असंच."

"तिथं कोनी गेलं म्हनतात," जब्बार विडी पेटवत म्हणाला. "मळ्यातच गेला म्हने, मोट हाकता हाकता. नाव काय मालूम नाही बा. तुमच्या सोयऱ्यातला होता काय?"

"नाई," पुंजाजी म्हणाला. "सोयऱ्यातला नाही."

घरी येऊन त्याने कुलूप काढलं. एक खोली, चुलीपुढे एक तवा, एक ताट, एक लोटा. दुसरं ताट होतं, ते रुक्मीचं, फळीवर पालथं. रुक्मी मानमोडीच्या साथीत गेली त्याला अठरा वर्षं झाली. त्या साली बुलढाण्यात माणसं अशी पटापट गेली की खांदा द्यायला चौघं मिळेनात. रुक्मीला त्याने आणि जब्बारच्या बापाने बैलगाडीतून नेलं. सवाष्णच गेली, म्हणून तिच्या दातांना शेवटचं दातवण त्यानेच लावलं होतं. बोटाने लावताना हिरड्या गार लागल्या होत्या. त्यानंतर लोकांनी सांगितलं, पाट लाव, बाई बघ. त्याने ऐकून घेतलं. पुढे पुढे सांगणारेही मेले. एकटं राहणं ही काही ठरवून केलेली गोष्ट नव्हती. आज भाकरी स्वतः थापली, उद्याही थापली, असं करता करता अठरा वर्षं निघाली. त्या दिवशी चुलीपुढे बसून त्याने पहिल्यांदाच हिशेब न करता, भीड न बाळगता स्वतःशी म्हटलं, की विधवेचा पाट लागतो आपल्यात. तीही एकटी, मीही एकटा. यात वाईट काय? आणि लगेच त्याला दिसला तो मोट हाकता हाकता पडलेला अनोळखी माणूस, नाडा हातातून सुटलेला, बैल थांबलेले. बिचारा, असं पुंजाजी मोठ्याने म्हणाला. पण म्हणताना त्याच्या आवाजात दुःख नव्हतं, आणि रिकाम्या खोलीत ते त्याला स्वच्छ ऐकू आलं. आपण एका माणसाच्या मरणावर खूश झालो आहोत. ही गोष्ट त्याला झोपेपर्यंत टोचत राहिली, आणि सकाळी उठल्यावर तो पुन्हा खूशच होता.

पंधरा दिवस त्याने जाऊ दिले. इतक्या लवकर जाणं बरं दिसत नाही म्हणून, आणि हिंमत होईना म्हणून. या पंधरा दिवसांत त्याने एक नवंच काम केलं. गिऱ्हाइकांना दाखवायचा आरसा खिडकीत टांगला आणि स्वतःचं तोंड उघडून पाहिलं. सगळ्या जिल्ह्याच्या बायांचे दात संभाळणारा हा माणूस, पण स्वतःच्या तोंडात त्याने वर्षानुवर्षं तंबाखूशिवाय काही घातलं नव्हतं. खालचे दोन दात कधीच गेले होते. बाकीचे पिवळे, मुळाशी किटण चढलेले, आणि एका दाढेतून काडी घातली तर वास येत होता. त्याला स्वतःचीच किळस आली. मग तो लागला मागे. सकाळी उठला की बाभळीची कोवळी काडी चावून चावून तिचा कुंचा करायचा आणि एकेक दात वरून खाली, वरून खाली घासायचा. आडवं घासलं तर हिरडी फाटते, हे त्याचा बाप म्हणत असे. मग मीठ आणि सरसूचं तेल बोटावर घेऊन हिरड्या चोळायच्या. जेवल्यावर खळखळून चुळा. निजताना लवंग दाढेत. तंबाखू बंद. पहिले चार दिवस रक्त आलं, नंतर यायचं थांबलं. आठव्या दिवशी त्याने आरशापुढे ओठ मागे घेऊन हसून पाहिलं. दात बरे दिसत होते, हसणं मात्र काही केल्या जमेना. गालांना सवय नव्हती. डोळे तसेच घाबरलेले राहत आणि खाली नुसते दात दिसत. तो दार लावून घ्यायचा आणि रोज थोडा थोडा हसायचा, आणि हसता हसता मनात अंबूबाईशी बोलायचा. म्हणायचा, तुमच्यासाठी वेगळं कुटत होतो बरं का, हिराकस निम्मं. ती म्हणायची, मले मालूम होतं. शेजारच्या भिंतीपलीकडे कोणी खोकलं की तो दचकून तोंड मिटी.

एका सकाळी, नवा पटका बांधून, दाढी करून, कानात अत्तराचा फाया घालून तो निघाला. काखेत बोचकं होतं, त्यात हिरवं लुगडं. रंगाबद्दल त्याने दोन दिवस विचार केला होता. धाडपर्यंत सर्व्हिस मोटार, पुढे चार कोस पायी. तुरीची शेतं सोंगून मोकळी झाली होती आणि ढेकळांतून होले उडत होते. वाटेत तो बोलायची वाक्यं जुळवत होता. आधी म्हणायचं, लई वाईट झालं. मग थोडं थांबायचं. मग म्हणायचं, एकट्या बाईनं मळा कसा सांभाळावा? इथं दिराने नाहीतर भावाने काही बोलावं. मग आपण आपलं सांगायचं, की घरात कोणी नाही, जिम्मेवारी नाही, धंदा बरा आहे. धंदा बरा नव्हता. आरोग्य खात्याचा माणूस गावोगाव पडद्यावर चित्रं दाखवत हिंडत होता, काळे दात म्हणजे घाण असं सांगत होता, आणि नवथर सुना तोंड वाकडं करून दातवणाला नाही म्हणू लागल्या होत्या. पण ते त्याने आजपुरतं मनाबाहेर ठेवलं. वडाळीत शिरल्यावर त्याने अंबूबाईचं घर विचारलं. ते शेवटचं, मळ्याला लागून.

ओट्यावर एक उंच, हाडकुळा माणूस विळ्याने कडुनिंबाच्या काड्या वीतवीतभर तोडून ओळीने लावत होता. मिशा पिकलेल्या. दीर असणार. पुंजाजी अंगणात उभा राहिला, राम राम झाला, माणसाने घोंगडी झटकून बसायला दिली. आतून बांगड्यांचा आवाज आला; पुंजाजीला वाटलं, ही दिराची बायको. त्याने खाकरून सुरुवात केली.

"लई वाईट झालं."

"काय वाईट झालं?" त्या माणसाने विळा थांबवला.

"हेच... या घरचं."

"या घरचं काय? बैल गेला थो? थो त दसऱ्यालेच गेला."

"बैल नाही," पुंजाजी म्हणाला. त्याचे कान गरम झाले. "घरधनी. अंबूबाईचे मालक."

तो माणूस त्याच्याकडे बघत राहिला. मग अगदी सावकाश म्हणाला, "मालक मीच हाये. मी उकंडराव."

वाटेत जुळवलेली सगळी वाक्यं एकदम संपली. पुंजाजीला उठून पळावंसं वाटलं आणि पाय तर घोंगडीवर मांडी घालून बसलेले. खोटं बोलायला वेळ लागतो, खरं लगेच बाहेर पडतं, तसं ते पडलं. "मले वाटलं तुमी गेले," तो म्हणाला. "मी दातवणवाला. धाडच्या बजारात बाईचे दात पांढरे पाह्यले. मले वाटलं..."

उकंडरावाने विळा खाली ठेवला. मग तो हसू लागला. हसता हसता त्याला खोकला आला, छाती धरून तो वाकला, पाणी पाणी म्हणाला, आणि अंबूबाई लोटा घेऊन बाहेर आली. हातांत कोपरापासून हिरव्या बांगड्या, कपाळावर आडवं ठसठशीत कुंकू. पुंजाजीने ते कपाळ आणि ते हात अकरा वर्षांत पहिल्यांदा पाहिले. "आयकलं काय वो," उकंडराव डोळे पुसत तिला म्हणाला, "हे मी मेलो म्हनून भेटीले आले! गेला थो रामा धोब्याचा भाऊ, अन नाव माह्यावर! अवो हास, दाखव यायले दात. मीच सोडाले लावलं तिचं दातवण, दातवणवाले. मोताळ्याले पडद्यावर चित्रं पाह्यली ना मी. थो साहेब म्हने, बाईचे दात कसे मोत्यावानी पाह्यजेत. घरी आलो अन म्हनलं, तीस वर्सं अंधार पाह्यला तुह्या तोंडात, आता उजेड पाहू दे. रोज सकाळी काडी तोडून देतो, राख देतो. तीन महिने लागले. रुसली लई, म्हने लोक काय म्हनतीन. पाहा, लोक काय म्हनले!" आणि तो पुन्हा हसला. अंबूबाईही हसली होती, पांढरी, तो एक दात चढलेला. मग तिची नजर पटक्यावर गेली, बोचक्यावर गेली, आणि तिने पदर तोंडाशी नेला.

यानंतर जे झालं त्याने पुंजाजीला अगदी मोडून टाकलं. उकंडराव हसायचा थांबला आणि त्याचे डोळे खरोखरच भरून आले. "चार कोस पायी आले तुमी," तो म्हणाला. "ना नात्याचे ना गोत्याचे. माह्या सख्ख्या भावाले निरोप धाडला असता त थो आला नसता. आज कोन कोनासाठी येते?" आणि त्याने पुंजाजीचे दोन्ही हात धरले. रखरखीत, ऊबदार हात. मग जेवल्याशिवाय जायचं नाही. अंबाडीची भाजी, ज्वारीची भाकरी, ताक. बोचकं उन्हात नको म्हणून उकंडरावाने ते स्वतः उचलून आत ठेवलं. पुंजाजीला घास गिळवेना. समोर तो माणूस बसला होता, ज्याला पंधरा दिवस त्याने मोटेच्या धावेवर मरून पडलेला पाहिला होता, आणि तो माणूस त्याच्या ताटात दुसरी भाकरी टाकत होता. "तुमचं नाव काय म्हनलं?" त्याने मध्येच विचारलं, आणि आत वळून, "काय वो, नाव काय यायचं?" आतून अंबूबाई म्हणाली, "मले काय ठाव. दातवणवाले." मग उकंडरावाला आणखी एक आठवलं आणि तो मांडीवर थाप मारून म्हणाला, "मजा पाहा. दोन बजार तुमी दिसले नाही, त ही मले म्हने, दातवणवाला मेला वाटते बिचारा. अन मंग म्हने, वांग्याले पानी सोडलं काय?" पुंजाजीही हसला. आरशापुढे जमलं नव्हतं ते हसणं इथे आलं, चांगलं मोठं, आणि त्यात दातही बरे दिसले असतील.

निघताना अंबूबाईने बोचकं आणून ओट्यावर ठेवलं. गाठ वेगळी होती. त्याने मारलेली नव्हती. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही, तोही खाली बघत राहिला, आणि उकंडराव त्याला गावकुसापर्यंत पोचवायला आला. चार कोस परत चालताना त्याला रडू आलं ते लाजेचं होतं की आणखी कशाचं, हे त्याने तपासलं नाही. अकरा वर्षं वेगळं दातवण कुटलं आणि बाईला नाव ठाऊक नाही. तिचं काही चुकलं होतं का? नाव त्याने कधी सांगितलंच नव्हतं. बसला, एवढंच म्हणाला होता.

पुढच्या बाजारी त्याने दुकान मांडलं न मांडलं तोच उकंडराव येऊन शेजारी टेकला. डोक्यावरची मिरच्यांची पाटी बायकोच्या हवाली केली होती. त्यानंतर तो दर बाजारी येऊ लागला. अंबूबाई दुकानापाशी येत नसे, लांब आपल्या जागी बसे. उकंडराव मात्र भाकरी बांधून आणी, पुंजाजीपुढे अर्धी ठेवी, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला, जब्बारला, जब्बारच्या गिऱ्हाइकांना, कोणालाही धरून सांगे, "हा मानूस मी मेलो म्हनून चार कोस पायी आला." जब्बार डोळा मिचकावी, बाया पदराआड हसत, आणि पुंजाजीची मान खाली जाई. सुरुवातीला त्याला वाटे, हा येऊ नये. मग थंडी सरली, होळी झाली, आणि एका बाजारी उकंडरावाला उशीर झाला तेव्हा पुंजाजी दर दोन मिनिटांनी वडाळीच्या वाटेकडे बघत होता. उकंडरावानेच त्याला पांढरं मंजन करायला लावलं. खडू, तुरटी, मीठ, कापूर आणि लवंग. "काळं खपत नाही त पांढरं इका, तोंड त तेच ना," तो म्हणाला. ते खपू लागलं. आता पुंजाजीला समोरच्या बाईकडे बघून काहीच कळत नसे. पांढरे दात म्हणजे नुसते पांढरे दात. सवाष्ण की विधवा, सुखी की दुःखी, त्या दातांवर आता काही लिहिलेलं नव्हतं, आणि बाजार त्याला एकदम अनोळखी वाटू लागला होता. त्या सगळ्या गर्दीत ओळखीचा म्हणावा असा एक माणूस होता. उकंडराव.

आणि म्हणूनच ते सोसेना. चैतातल्या बाजारी उकंडराव एका परगावच्या व्यापाऱ्याला तीच गोष्ट सांगत होता, चार कोस पायी, ना नात्याचा ना गोत्याचा. व्यापारी "वा वा" म्हणून निघून गेला. पुंजाजीचा हात मंजनाच्या डब्यात होता, तो त्याने तसाच ठेवला आणि म्हणाला, "मी दुखवट्याले नव्हतो आलो. मी पाटाचं इचाराले आलो होतो."

बोलल्यावर त्याला हलकं वाटलं नाही. आता हा उठणार, पाटी उचलणार आणि पुन्हा दिसणार नाही, एवढं एकच त्याला दिसत होतं. जब्बारच्या दुकानावर कोणाच्या तरी हातावर बांगड्या चढत होत्या.

"मले मालूम हाये," उकंडराव म्हणाला.

पुंजाजीने वर पाहिलं.

"त्याच दिशी सांगतलं तिनं. बोचक्यात हिरवं लुगडं हाये म्हने. अत्तर त मलेच आलं होतं. दुखवट्याले कोनी अत्तर लावून येते काय बे?" तो हसला नाही, पण त्याच्या मिशा हलल्या. "आधी राग आला. मंग म्हनलं, आला त खरा. अन दुखवट्याले आला असं म्हनलं नसतं त गावात तुमचं तोंड काय राह्यलं असतं, अन तिचं काय राह्यलं असतं? म्हनून तेच सांगत सुटलो. सांगता सांगता मलेच खरं वाटाले लागलं."

एक बाई मंजनाची पुडी मागत उभी राहिली, पुंजाजीने ती न मोजताच दिली. उकंडराव छातीवर हात ठेवून बसला होता. हल्ली तो तसा बसे. मोट हाकवत नाही, दोन नाडे ओढले की डोळ्यांपुढे अंधारी येते, असं तो मागे एकदा बोलता बोलता म्हणून गेला होता.

"भावबंद माहे लई हरामी हायेत, पुंजाजी," तो समोर बघत म्हणाला. "मी गेलो का थे तिले मळ्यात राहू देनार नाहीत. एकली बाई. मी खरंच गेलो त तुमी या. तिच्या मनात असंन त इचारा, नसंन त नुसते बसा घडीभर. पन या. तवा खोटं सांगाले लागनार नाही."

पुंजाजीला हो म्हणता येईना. जे मागायला तो चार कोस चालत गेला होता ते त्याच्यापुढे आपणहून ठेवलं होतं, ठेवणारा हात तोच, रखरखीत, आणि त्याला ते नको होतं. हा माणूस जगावा, दहा वर्षं, वीस वर्षं जगावा, दर बाजारी इथे येऊन टेकावा, असं त्याला फार जोराने वाटलं. आणि तसं वाटणं म्हणजे आपण संध्याकाळी एकट्यानेच कुलूप काढायचं, आज आणि उद्या आणि पुढेही, हे त्याला पुरतं कळत होतं. लांब कांद्यांच्या ढिगापलीकडे अंबूबाई कोणाशी तरी बोलत होती. त्याने तिकडे पाहिलं नाही.

"सरका इकडं," तो उकंडरावाला म्हणाला आणि आपली बसायची पोती ओढून त्याला जागा केली. "ऊन येऊन राह्यलं तुमच्यावर."